बॅगेतली जागा

नदीचं पाणी चढायला लागलं, तशी घर सोडायची वेळ आलीच तर म्हणून नवऱ्याने एक बॅग भरून दाराशी ठेवली. बायकोने ती उघडून पाहिली. टॉर्च, बिस्किटं, कागदपत्रं, दोघी मुलींचे स्वेटर, नवरा-बायकोचे कपडे.

"आईंच्या गोळ्या कुठे आहेत?"

"हळू बोल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून कोण पळणार? तिच्यासाठी बचाव पथक येईल की."

आतल्या खोलीत सासूबाईंचा खोकला मध्येच थांबला.

बायकोने त्याचे शर्ट एकेक करून जमिनीवर टाकले. त्या जागी गोळ्या, दोन गाऊन आणि डायपरचं अख्खं पाकीट कोंबलं.

"अगं, माझे कपडे?"

"आईंना मी पाठीवर घेईन. पथक आलं की त्यांच्याबरोबर तुम्ही या."