तिकडचं माणूस

मनोरमाकाकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. बदली झाली, की सामान बांधण्याआधी तिकडचं माणूस शोधायचं, ही बरखेड्याच्या क्वार्टर्समधली रीतच होती. काकूंना वर्ध्याचं माणूस हवं होतं. दारोदार विचारत त्या शेवटी केतकीकडे येऊन थडकल्या. ती नुकतीच लग्न होऊन वर्ध्याहून इथे आली होती.

"नळाला पाणी कधी येतं गं? दवाखाना लांब पडतो का? आणि शेजारणी? दुपारी दारं लावून बसतात, की येतात आपणहून चहाला?"

केतकीने सुचेल तेवढं सांगितलं. काकूंचं समाधान होईना. पुढ्यातला चहा निवून गेला.

"काकांची बदली झाली का?"

"बदली कसली? रिटायर झाले. क्वार्टर सोडायचंय."

"मग वर्ध्यालाच का?"

"आमचं गावच ते. माझा जन्म तिथला."

केतकीला हसू आवरेना. "अहो काकू, मग मला काय विचारता!"

"तर कुणाला विचारू?" काकू उसळल्या. "बदली असती, तर सगळी कॉलनी सांगायला आली असती. आपल्याच गावी चाललोय म्हटल्यावर कुणी काही सांगतच नाही गं!"