गाढव पुलावर असताना

कॅबिनेटच्या आत दोन पंखे होते, रॅमच्या दोन पट्ट्या, एक ग्राफिक्स कार्ड, नऊ वायरी आणि मांजराचे तीन केस. केस मागच्या खेपेला नव्हते. दुरुस्तीवालीने ते चिमट्याने उचलून कागदावर ठेवले आणि वहीत लिहिलं : खेप पाचवी, केस तीन.

"मांजरामुळे होत असेल का गं?" काकूंनी विचारलं.

"तीन केसांनी कॉम्प्युटर हँग होत नाही, काकू."

"बघा!" काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. "त्या बिचाऱ्या मांजरावर सकाळपासून आळ घेतेय ही."

तीन आठवडे हेच चाललं होतं. पत्रं लिहिताना, फोटो बघताना, परगावच्या लेकीशी बोलताना संगणक अगदी गुणी. हँग व्हायचा तो फक्त खेळताना. लाकडं लादलेलं गाढव दरीवरच्या झुलत्या पुलावरून पलीकडे न्यायचं, असा काकूंचा खेळ होता. दर लेव्हलला पूल लांबायचा, वारा वाढायचा. आणि गाढव पुलाच्या मधोमध आलं, की काकूंच्या म्हणण्याप्रमाणे पडदा थिजायचा. माऊस ढिम्म. बटण दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर नाही.

दुरुस्तीवालीने विज्ञानाची पदवी घेतली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, यावर तिची श्रद्धा होती. पहिल्या खेपेला तिने धूळ काढली. दुसऱ्या खेपेला प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तिसऱ्यांदा रॅम बदलली, चौथ्यांदा पॉवर सप्लाय. प्रत्येक वेळी चाचणी म्हणून स्वतः खेळली, गाढव सुखरूप पलीकडे जाईपर्यंत. प्रत्येक वेळी संगणक लोण्यासारखा चालला. आणि प्रत्येक वेळी तीन-चार दिवसांत काकूंचा फोन आला.

दुकान तिच्या मोठ्या भावाचं होतं. घरोघरी जाऊन दुरुस्ती करायचं काम तिने त्याच्याकडून भांडून मिळवलं होतं. आज निघताना दादा म्हणाला होता, "एका कॉम्प्युटरला पाच खेपा! आता पुन्हा तक्रार आली, तर तू काउंटरला. माऊसपॅड विकत बस."

"आणि घरोघरी कोण जाणार?"

"मी."

"तू मागच्या वेळी प्रिंटरला चापट मारलीस."

"चालू झाला ना?"

 आज ती व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन आली होती. वीज कमी-जास्त होत असेल, असा तिचा कयास होता.

"काका, गाढव पुलावर असतं तेव्हा घरात काय काय चालू असतं?"

"हिचं तोंड."

"आणि यांचं घोरणं," काकू म्हणाल्या. "तेही लिही."

तिने दोन्ही लिहून घेतलं नाही. वॉशिंग मशीन बंद असताना व्होल्टेज दोनशे अठ्ठावीस भरलं, चालू केल्यावर दोनशे चोवीस. म्हणजे तिथेही दोष नव्हता. तिने कॅबिनेट बंद केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"कितव्या लेव्हलला हँग झाला?"

"एकोणचाळीस," काकू म्हणाल्या आणि सुस्कारा सोडला. "विहीणबाई चाळिसावर गेल्या काल. त्यांचा कॉम्प्युटर आमच्यापेक्षा जुनाट, पण कधी अडत नाही म्हणे. नशीब एकेकाचं."

ती खेळायला बसली. काकू शेजारी येऊन बसल्या. गाढव दोन पावलं टाकायचं, थांबायचं, वाऱ्याची झुळूक सरली की पुन्हा दोन पावलं. एक तास चाळीस मिनिटांनी ते पलीकडच्या काठावर उभं राहून ओरडलं. संगणक एकदाही अडला नाही. तापमान सहासष्ट अंश.

"तुझ्या हाताला यश आहे बाई," काकू म्हणाल्या. "तू बसलीस की कसा सुतासारखा सरळ येतो!"

दुरुस्तीवालीला मात्र आनंद झाला नाही. सगळं बदलून झालं होतं. न बदललेली एकच गोष्ट उरली होती : चाचणीच्या वेळी ती स्वतः तिथे असायची. तिने ते वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"काकू, मी एक प्रोग्रॅम टाकून जाते. तापमान, वीज, खेळातली प्रत्येक हालचाल, सगळं तो मिनिटागणिक टिपेल. मी नसताना काय बिघडतं, ते मला दुकानात बसून वाचता येईल. चालेल ना?"

"चालेल की. आपल्याला काय, रोग कळल्याशी कारण."

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उघडतंय तोवर फोन वाजला.

"अगं, झाला बघ परत!" काकूंचा आवाज पलीकडून दादालाही ऐकू गेला. "गाढव अगदी मधोमध, आणि सगळं ठप्प. चाळिसावी लेव्हल. दुपारी येतेस ना?"

दादाने काउंटरमागचं स्टूल फडक्याने पुसलं आणि माऊसपॅडचा गठ्ठा त्याच्यासमोर मांडला.

"दहा मिनिटं दे," ती म्हणाली. "बिघाड पकडला गेलाय. फक्त वाचायचाय."

"वाच. पण मोठ्याने. मलाही कळू दे, पाच खेपांत तुला काय सापडलं नाही ते."

तिने नोंद उघडली. काकू रोज बसल्या होत्या, एकूण अकरा तास. तिने थेट शेवटच्या तीन ओळी गाठल्या आणि दादाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचल्या.

"सर्वाधिक तापमान, चौसष्ट अंश. कॉम्प्युटर हँग, शून्य वेळा. गाढव दरीत, सत्तावीस वेळा."