खाड्याचे पैसे

परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा गार्गीच्या कपाटात सँडलचे सात जोड होते आणि खात्यात एकशे बारा रुपये. बाबांनी पाठवलेल्या फीची केव्हाच वाढदिवसाची पार्टी झाली होती.

त्या पार्टीत पिझ्झावर ताव मारणाऱ्या बावीस जणांना तिने सकाळपासून फोन लावले. "माझीच कडकी चालू आहे गं," सगळ्यांनी एकाच चालीत सांगितलं. एकाने तर उलट तिच्याकडेच मागितले.

उरली हॉस्टेलच्या खोलीतली वत्सला. तिचा गुरुवारचा उपवास असला की मेसच्या काकू त्या दिवसाचा खाडा धरत आणि महिनाअखेर जेवणाचे पैसे परत देत. वत्सला ते उदबत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. "तुझा देव लाच घेतो वाटतं?" कॉफी ढोसत गार्गी तीन वर्षं विचारत आली होती.

आज तीच गार्गी तिच्यासमोर हात चोळत उभी राहिली. "वत्सू, वर्ष जाईल गं माझं."

वत्सलाने पोथी मिटली, डबा उघडला आणि फीचे पैसे तिच्या हातावर ठेवले.

"पण हे देवाचे ना?" गार्गी ओशाळली.

"देवाला कशाला लागतात पैसे? त्याला कुठे कॉफी ढोसायची असते?" वत्सला मऊ आवाजात म्हणाली. "पळ, फॉर्म भर. आणि येताना काकूंना सांग, डबा पुन्हा भरेपर्यंत गुरुवारी तुझाही खाडा."

"हो हो, पुढच्या गुरुवारपासून नक्की!"

वत्सलाने पोथी पुन्हा उघडली. "आज गुरुवारच आहे."