बाद नोंदी

“बाई, हा सगळा कचरा आहे,” प्रोग्रामर म्हणाला. “चार वाजता पुसून टाकायचाय.”

“मग चारपर्यंत वाचते,” असं म्हणून मुद्रितशोधक बाई खुर्ची ओढून बसल्या.

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे पाठीमागे कानामात्राबाई म्हणत. वय पन्नाशीचं, केस मात्र सत्तरीचे. छापायला जाणाऱ्या पानातली चुकलेली वेलांटी त्यांच्या तावडीतून सुटली असं कधी झालं नव्हतं. संपादकसुद्धा त्यांना वचकून असत. त्यांच्याशी वाद घालायची प्रोग्रामरची काय टाप?

सहा महिन्यांपूर्वी तो आणि बातमीदार, दोघांनी मिळून हा उद्योग अंगावर घेतला होता. हरवलेल्या माणसांच्या तक्रारी प्रत्येक जिल्ह्याच्या वेगळ्या साइटवर पडून होत्या. सापडलेल्या माणसांच्या याद्या आणखी तिसरीकडे. या हाताचं त्या हाताला ठाऊक नाही अशी गत. मग गावोगावच्या चाळीसेक हौशी प्रोग्रामरांनी एकेक जिल्हा वाटून घेतला. साइटवरच्या नोंदी आपोआप उतरवून घेणारा प्रोग्राम ज्यानं त्यानं लिहिला आणि सगळं एका यादीत ओतलं. ती यादी आज चार वाजता सगळ्या जगाला खुली व्हायची होती. एवढ्यात अकरा माणसं घरी पोचलीही होती. त्यातले एक आजोबा तर मुलाच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या आश्रमात राहत होते.

बाई पहिल्याच आठवड्यात येऊन विचारून गेल्या होत्या, “चार वर्षांच्या मुलींच्या तक्रारी वेगळ्या काढता येतील?”

त्यानं काढून दिल्या. तीनशे पानं. बाईंनी ती जेवणाच्या सुट्टीत बसून वाचली आणि चार दिवसांनी परत केली. “यात नाही,” एवढंच म्हणाल्या.

“पोटची मुलगी हरवलेली असणार रे,” बातमीदार तेव्हा हळूच म्हणाला होता. “विचारू नकोस.” आयुष्यात त्यानं न विचारलेला हा बहुधा एकमेव प्रश्न.

प्रोग्रामरनं विचारलं नाही. पण तेव्हापासून बाईंना चहा तोच आणून देऊ लागला. नवीन जिल्हा आला की आधी बाईंना दाखवायचा. प्रत्येक वेळी त्या नाकावरचा चष्मा सारखा करून वाचायच्या आणि मान हलवायच्या. आता सगळे जिल्हे संपले होते. उरल्या होत्या फक्त बाद नोंदी. दुबार आलेल्या, अर्धवट, रकाने रिकामे असलेल्या. पाच हजारांवर.

साडेतीन वाजता बाईंनी बोट पडद्यावर टेकवलं.

“हे का बाद केलंत?”

“दुबार आहे. एकच तक्रार एकोणीस वेळा. साइट सुरू झाल्यापासून दरवर्षी एक.”

“मग एक तरी ठेवायची.”

“तारखेचा रकानाही कोरा आहे ना. त्या जिल्ह्याची साइट फार जुनी तारीख घेतच नाही. शिवाय वय बघा. दरवर्षी चार म्हणजे चारच. पोरगी कधी मोठीच...” आणि त्यानं जीभ चावली.

 बाई चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. “खुणेच्या रकान्यात काय आहे, ते वाचा,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नाहीये.”

“‘बाजारात हात सुटला. अंगात पिवळा फ्रॉक. नाव विचारल्यास ठकू सांगते.’ तक्रार देणाऱ्याचं नातं, आई.”

बाईंनी चष्मा परत चढवला आणि तो रकाना स्वतः वाचला.

तेव्हा कुठे प्रोग्रामरच्या डोक्यात प्रकाश पडला. सहा महिने बाई आपलीच तक्रार शोधत होत्या! यादीत ती आली की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि एकोणीस वर्षं न चुकता अर्ज भरणाऱ्या आईला आपण तोंडावर कचरा म्हणालो. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माफ करा, बाई. आत्ताच्या आत्ता यादीत घालतो. सगळ्यात वर घालतो.”

“शेवटची कधीची आहे?”

त्याला जरा नवल वाटलं. पण इतक्या वेळा भरल्यावर माणूस विसरायचंच. “यंदाचीच. दोन महिने झाले.”

“दोन महिने,” बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. “म्हणजे आहे. नंबर दिलाय?”

“नाव झाकलंय आणि नंबर उघडा. सरकारी गुप्तता!” तो हसवायला म्हणाला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन काढून हातात धरला होता. त्यानं मुकाट्यानं दहा आकडे वाचून दाखवले. पाचव्या आकड्याला बाई चुकल्या. त्याला ते पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले.

इतक्यात बातमीदार दारातून डोकावला. “काय रे, चार वाजत आले. करायची ना यादी खुली?”

“एक मिनिट थांब.” प्रोग्रामर बाईंकडे वळला. त्याला खरंच काळजी वाटली. “बाई, अहो, स्वतःलाच कुठे फोन लावताय?”

बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. फोन बराच वेळ वाजत राहिला. मग पलीकडून एक म्हातारा, थकलेला आवाज आला, “कोण बोलतंय?” खोलीत इतकी शांतता होती की तो तिघांनाही ऐकू गेला.

“आई,” बाई म्हणाल्या, “मी ठकू.”