माडाएवढी उडी

दर शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दाजी डोकं धरून बायकोला विचारायचे, "काल मी पालखी कशी नाचवली गं?" दारूमुळं त्यांना काही आठवायचं नाही. मग शेवंता रंगवून सांगायची, "एकट्यानं पालखी डोक्यावर घेतलीत आणि माडाएवढी उडी मारलीत. देवीसुद्धा हसली." दाजींची छाती फुगायची.

साठी उलटल्यावर त्यांनी दारू सोडली. यंदा न पिता पालखीखाली जाताना ते दोनदा मागं फिरले. त्या जुन्या उड्यांची बरोबरी व्हायची कशी? पण ढोल घुमला, दांडा खांद्याला लागला आणि दाजी घामाघूम होईस्तोवर नाचले.

सकाळी चहा घेताना ते कसनुसं म्हणाले, "माडाएवढी उडी काय जमली नाही."

"कधी जमली होती? पहिल्या ढोलालाच देवळामागं घोरत पडायचात. गोष्टी मीच रचायचे. अख्ख्या वाडीला गप्प राहायचा दम भरला होता."

"म्हणजे इतके शिमगे मी बघितलेच नाहीत?"

"कालचा बघितलात ना? माझा गुडघा दुखत होता, मी कुठं आले? आता तुम्ही सांगा."

दाजी कप ठेवून पुढं सरकले. "ऐक तर. मी असा नाचलो, की माड वाकून बघायला लागले."