डावखुऱ्याचा खांब

"हा कारागीर डावखुरा होता," अर्धवट घडवलेल्या खांबावरून हात फिरवत आई म्हणाली.

आमचा गाइड वीरण्णा बोलता बोलता थांबला. हंपीचा दगडी रथ दाखवून त्यानं आम्हाला कोपऱ्यातल्या एका पडक्या मंडपात आणलं होतं. "कशावरून म्हणता, अम्मा? वीस वर्षं मी इथं माणसं आणतोय."

"बाकीच्या खांबांवर टाकीचे घाव बघा, सगळे एका अंगाला उतरलेत. ह्याच्यावरचे उलटे आहेत."

आईनं तीसेक वर्षं दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावली होती, तीही डाव्या हातानं हातोडी धरून. त्या डाव्या हातामुळं सासूनं तिला कधी पंगतीत वाढू दिलं नाही. चारचौघांत ती तो हात अजूनही पदराखाली ठेवायची.

वीरण्णानं दोन्ही खांबांवर बोटं फिरवून पाहिली. "आणखी काय दिसतं तुम्हाला?"

मग तासभर आईच बोलत होती. टाकी कुठं बोथट झाली, कुठं नवशिक्याच्या हाती गेली, कुठं दगडानंच दगा दिला. मागं भलत्याच ग्रुपमधली माणसं येऊन ऐकत उभी राहिली होती.

बाहेर टपरीवर वीरण्णानं चहा सांगितला आणि आईचा ग्लास मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला धरला. आईनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, पदर मागं सारला आणि डाव्या हातानं ग्लास घेतला.

"त्या कारागिरालाही घरचे बोललेच असतील," घोट घेऊन ती हसली. "पण खांब उभा आहे बघ अजून."