एकशे बावीस नंबरची की

"संडे को रूम खाली," कावेरी अक्का म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

मुकुल लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा होता. "अक्का, सुनिए तो..."

"क्या सुनूँ, अप्पा? तीन हफ्ते से तुम्हारा मीटिंगच सुनती. नीचे मेरा बड़ा बहन बीमार है, दोपहर को ज़रा आँख लगता है. आज एक बार और आवाज़ आया, तो खाली. सरीना?"

"सरी, अक्का," मुकुलनं शिकून ठेवलेल्या कन्नडमध्ये 'बरं' म्हटलं.

रविवारी त्याची बायको मनस्विनी दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन सांगलीहून येणार होती. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये चार दिवसांत दुसरी जागा? नाव नको. लेकराला पहिल्यांदा आणायचं ते काय फूटपाथवर?

मुकुलनं हौसेनं लॅपटॉपवर विंडोज पुसून लिनक्स चढवलं होतं, तेही अगदी उघडंबोडकं. ना आयकॉन, ना मेनू. सगळं कीबोर्डवरून, असं तो ऑफिसात मिरवायचा. आणि नेमक्या आवाज कमी-जास्त करायच्या दोन कीच चालत नव्हत्या. मीटिंग सुरू झाली की आवाज आपसूक शंभरावर जायचा, आणि कमांड टाइप करून तो खाली आणेपर्यंत सगळी गल्ली मॅनेजरचं 'गुड मॉर्निंग' ऐकायची. हेडफोनचं भोक तर कधीच खिळखिळं झालं होतं. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे होतं, राहतं घर.

एक वाजला होता. पाचला मोठी मीटिंग होती.

त्यानं शहरातल्या लिनक्सवाल्यांच्या गटावर इंग्रजीत सगळं रडगाणं लिहिलं. पाच मिनिटांत रीबूट-५८ नावाच्या कुणाचं इंग्रजीतच उत्तर आलं. की दाबल्यावर मशीनला काही पोचतं का, ते आधी बघा.

पोचत होतं. आवाज कमी करायची की एकशे बावीस नंबर पाठवत होती, वाढवायची एकशे तेवीस.

"म्हणजे की जिवंत आहे," रीबूट-५८नं लिहिलं. "तिला काम सांगणारं कुणी नाही. मी देतो त्या दोन ओळी सेटिंगच्या फाइलमध्ये घाला."

"थँक यू, सर!" मुकुलनं लिहिलं. असेल कुणी कोरमंगल्यातला दाढीवाला. देव भलं करो त्याचं.

एवढ्यात मनस्विनीचा फोन आला. तो बाल्कनीत गेला. खाली कावेरी अक्का कुंड्यांना पाणी घालत होत्या. गेटवर 'कावेरी एस.' एवढीच पाटी. आडनावं इथे अशी एका अक्षरात उरकतात.

"खाली उभीच आहे बघ खाष्ट म्हातारी," मुकुल म्हणाला.

"हळू बोल ना, ऐकेल की."

"ऐकू दे! इथे कुणाच्या बापाला मराठी कळतंय? टेलिफोनच्या कारखान्यात होती म्हणे तीस वर्षं. तिथेही सगळ्यांवर डाफरतच असणार. तू ये गं. मी करतो काहीतरी."

"बाळाचा पाळणा कसा आणू? एसटीत घेणार नाहीत."

"पाळण्याचं सोड. आधी छप्पर टिकू दे."

खालची झारी तशीच चालू होती.

त्यानं दोन ओळी घातल्या. की दाबली तर आकडा कमी होत होता, पण तो टीव्ही जोडायच्या केबलमधल्या आवाजाचा. स्पीकर आपला शंभरावरच. त्यानं लगेच तसं गटावर कळवलं. तेवढ्यात लेआउटमधली वीज गेली. मुकुलकडे बॅटरी होती, मोबाइलचं इंटरनेट होतं. रीबूट-५८ मात्र गप्प झाले.

दोन गेले, तीन गेले. मुकुल दहा बाय दहाच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. नखं संपली.

साडेतीनला वीज आली, आणि पाठोपाठ उत्तर. ओळीत स्पीकरचं नाव घाला. मग टेस्टचा आवाज लावून की दाबा.

मुकुलची बोटं थांबली. "सर, आवाज लावू शकत नाही. खाली एक बाई आजारी आहेत, आत्ता झोपल्या असतील. आवाज झाला तर घरमालकीण मला काढेल. रविवारी माझं बाळ येतंय."

बराच वेळ काहीच आलं नाही. चार मिनिटं. पाच.

"लावा," शेवटी आलं. "एकदाच. मी आहे."

त्यानं डोळे मिटून कमांड दिली. "फ्रंट लेफ्ट!" लॅपटॉपमधली बाई खेकसली. मुकुलनं की दाबली, दाबली, दाबतच राहिला. "फ्रंट राइट" जरा हळू आलं. पुढचं "फ्रंट लेफ्ट" पुटपुटल्यासारखं. मग काहीच नाही.

तो कान जिन्याकडे लावून बसला. पावलं वाजली नाहीत. सुटलो बाबा! त्याचे डोळे भरून आले.

"झालं, सर!" तो लिहायला लागला, पण त्याआधीच पडद्यावर नवा मजकूर उमटला. या वेळी इंग्रजी नव्हतं.

"खाली आता काही ऐकू येत नाही. ताई झोपलेलीच आहे. रविवारी बाळाला खुशाल आणा, पाळणा आमच्या माळ्यावर आहे. आम्हीही मूळच्या मराठीच, तेव्हा बाल्कनीतल्या फोनचा आवाज तेवढा तुमचा तुम्ही स्वल्प कमी करा. — खाष्ट म्हातारी."